घरचा टोमॅटो दरवर्षी पाणचटच निघतो? वाण बदलण्याआधी हे तपासा

तक्रार साधारण अशी असते. पहिल्या वर्षी बाजारातल्या टोमॅटोचं बी धुऊन लावलं. फळं आली, चव नाही. पुढच्या वर्षी हायब्रीडची रोपं आणली. फळं भरपूर, चव तीच. मग दहा बियांचं महागडं हेअरलूम (जुन्या, पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या वाणाचं) पाकीट मागवलं. चार फळं मिळाली आणि तीही पाणचट. शेवटी ‘आपल्या हवेत चवीचा टोमॅटो होतच नाही’ असं ठरवून कुंडीत मिरची लावली जाते.

हा निष्कर्ष घाईचा आहे. वाणावाणात चवीचा फरक असतो आणि मोठा असतो, पण ऊन, पाणी, तोडणी आणि साठवण सारखी असल्याशिवाय तो कळत नाही. जास्त पाणी दिलेला उत्तम वाण आणि बेताचं पाणी दिलेला साधा वाण शेजारी ठेवले, तर साधाच वाण पुढे जातो. म्हणून आधी दोष शोधायचा, वाणांची तुलना नंतर.

‘चव नाही’ म्हणजे नेमकं काय नाही?

टोमॅटोत ९४-९५ टक्के पाणी असतं. उरलेल्या थोडक्या भागात फ्रुक्टोज आणि ग्लुकोज या साखरा, सायट्रिक आणि मॅलिक ही आम्लं, आणि अगदी अल्प प्रमाणात सुगंधी द्रव्यं असतात. टोमॅटोत अशी चारशेच्या वर सुगंधी द्रव्यं सापडली आहेत. त्यांतली वीस-तीसच जाणवण्याइतकी महत्त्वाची आहेत. जिभेला गोड-आंबट कळतं. ‘टोमॅटोपणा’ मात्र नाकाला कळतो.

एक फोड नाक दाबून चावा आणि मग नाक सोडा. नाक सोडल्यावर चवीत काहीच भर पडली नाही, तर दोष सुगंधाचा आहे: फळ फार कच्चं तोडलं, फ्रीजमध्ये ठेवलं, किंवा वाणच तसा आहे. वास येतो पण जिभेवर पाणी पाणी लागतं, तर साखर आणि आम्ल दोन्ही पातळ झालेत. बहुतेक वेळा पाणी जास्त किंवा ऊन कमी. नुसता आंबट लागला तर साखर भरली नाही, म्हणजे पानं कमी पडली किंवा तोडणी लवकर झाली. सपक, गुळमट लागला तर आम्ल कमी आहे. काही पिवळ्या वाणांत ते मुळातच कमी जाणवतं, पण झाडावर जास्त पिकलेल्या लाल फळातही ते घटतं. आणि तोंडात पिठासारखा लागला तर तो पोताचा दोष आहे, चवीचा नव्हे: अतिपक्व फळ, थंडीत साठवण, किंवा रोमासारखा शिजवण्यासाठीचा वाण.

फोड उभी कापा आणि बियांभोवतीच्या चिकासकट खा. गरापेक्षा या चिकात आम्ल आणि ग्लुटामेट, म्हणजे चव भरीव करणारं द्रव्य, जास्त असतं. नुसत्या भिंतीचा तुकडा चाखून वाणाला नावं ठेवणं योग्य नाही. सारासाठी बिया काढून टाकणारेही चवीचा मोठा भाग टाकून देत असतात.

पहिला संशयित: पाणी

कुंडीतल्या टोमॅटोच्या पाणचटपणाचं हे सगळ्यात सामान्य कारण आहे. रोज संध्याकाळी नळीने सगळ्या कुंड्यांना सारखं पाणी घालायची सवय टोमॅटोला मानवत नाही. फळ फुगण्याच्या काळात मुळाशी सतत पाणी उभं असलं की फळ मोठं होतं, पण साखर तेवढीच राहते.

१५ ते २० लिटरच्या कुंडीतल्या पूर्ण वाढलेल्या झाडाला पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात दिवसाला साधारण दीड ते दोन लिटर पाणी लागतं. एप्रिलच्या गच्चीवर याच्या दुप्पटही. आकडा पाठ करण्यापेक्षा बोट दोन इंच मातीत घालून पाहा: तिथे ओल असेल तर थांबा. पहिल्या घोसातली फळं रंग बदलायला लागली की पाणी पाव ते एक-तृतीयांश कमी करा, पण ते रोज ठरल्या वेळीच, शक्यतो सकाळी. भर दुपारी पानं थोडी मलूल झाली आणि ऊन उतरल्यावर सावरली, तर ताण योग्य आहे. सकाळीही पानं मान टाकून असतील तर तुम्ही मर्यादा ओलांडलीत.

ताण देताना दोन गोष्टी बिघडतात. चार दिवस कोरडं आणि पाचव्या दिवशी भरपूर पाणी असं झालं की साल फाटते. सनगोल्डसारखे पातळ सालीचे चेरी टोमॅटो अवकाळीच्या एका सरीनंतरही तडकतात. दुसरं म्हणजे फळाच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग पडतो. हा रोग नव्हे. पाण्याच्या प्रवाहासोबत कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही, त्याचा हा परिणाम. फळं लिंबाएवढी होईपर्यंत ताण देऊच नका आणि कुंडीवर दोन इंच पालापाचोळ्याचं आच्छादन ठेवा. निव्वळ कोकोपीटवर वाढवत असाल तर ताण देणं अवघड जातं: वरून कोरडं दिसतं, खाली चिंब असतं. तिथे कुंडी उचलून वजनावरून अंदाज घ्या.

पाण्यात मीठ घालून गोडी वाढवण्याचा सल्ला फिरत असतो. त्यामागे तथ्य आहे: पाॅलिहाऊसमधले उत्पादक पोषणद्रावणाची क्षारता वाढवून साखर वाढवतात, आणि त्याबरोबर फळ लहान होणंही स्वीकारतात. पण ते निचऱ्याचं पाणी रोज मीटरने मोजतात. घरच्या कुंडीत मीठ साचत जातं, पानांच्या कडा जळतात आणि बुडाचा काळा डाग वाढतो. करू नका. गुळाच्या पाण्याने फळ गोड होतं हाही गैरसमज आहे. गूळ मातीतल्या जिवाणूंचं खाद्य आहे; फळातली साखर बहुतांश पानांत तयार होते, मुळांतून वर चढत नाही. बेकिंग सोडा मातीत टाकण्याचं तर नावच काढू नका, त्यातलं सोडियम काळ्या मातीचं आणखी वाटोळं करतं.

दुसरा: पानं आणि ऊन

साखर पानांत बनते हे कळलं की पुढचं सोपं होतं. टोमॅटोला सहा ते आठ तास थेट ऊन हवं. पूर्वेच्या बाल्कनीत चार तास ऊन येत असेल तर तिथे मोठ्या फळाचा वाण लावून त्याच्या चवीवर चर्चा करण्यात अर्थ नाही. चेरी लावा, कमी उन्हात तोच त्यातल्या त्यात बरी गोडी धरतो.

वाढीच्या सवयीनेही फरक पडतो. उंच, सतत वाढणाऱ्या वाणांत दोन घोसांमध्ये साधारण तीन पानं असतात. बुटक्या, ठरावीक उंचीवर थांबणाऱ्या वाणांत एक किंवा दोन. म्हणजे बुटक्या झाडात प्रत्येक घोसाला पोसणारी पानं मुळातच कमी, आणि फळं बहुतेक एकदम येतात. म्हणून कुंडीत सोयीचे म्हणून घेतलेले बुटके वाण चवीला अनेकदा मागे पडतात.

बगलफुटी, म्हणजे पानांच्या बगलेतून फुटणारे कोंब, काढताना हात आवरा. उंच वाणाचे एक किंवा दोन दांडे ठेवणं ठीक, पण हवा खेळावी म्हणून घोसाच्या वरची निरोगी पानं छाटली तर साखरेचा कारखानाच बंद होतो. जमिनीला टेकणारी आणि पहिल्या पिकत्या घोसाखालची जुनी पानं तेवढी काढा. करपा, नागअळी किंवा पर्णगुच्छ (पानं आकसून गोळा करणाऱ्या, पांढऱ्या माशीने पसरणाऱ्या) विषाणूने अर्धी पानं गेलेल्या झाडाची फळं चवीच्या तुलनेत धरूच नयेत. पांढऱ्या माशीसाठी रोप लावल्या दिवसापासून पिवळे चिकट सापळे लावा. पर्णगुच्छ दिसल्यावर औषध शोधण्यात वेळ जातो, झाड सुधारत नाही.

तिसरा: चुकीच्या महिन्यात पिकलेलं फळ

फळाला रंग आणि सुगंध भरायला २० ते २५ अंश तापमान उत्तम. ३०-३२ अंशांच्या वर लाल रंगद्रव्य, म्हणजे लायकोपीन, तयार होणं मंदावतं. फळ नारिंगीच राहतं, देठाजवळ पिवळट कडक पट्टा उरतो आणि चव उथळ लागते. विदर्भात मार्चमध्येच ही वेळ येते. उलट निफाडसारख्या ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा एक आकडी झाला की फळधारणा घटते आणि झाडावरची फळं रेंगाळत पिकतात, तीही फिकी लागतात.

चवीसाठी हिशोब असा ठेवा: देशावर ऑगस्टच्या शेवटी ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत बी पेरा, २५-३० दिवसांची रोपं लावा, म्हणजे मुख्य तोडणी डिसेंबर ते फेब्रुवारीत येईल. कोकणात पाऊस रेंगाळतो, तिथे पेरणी दोन-तीन आठवडे मागे न्या. ब्रँडीवाईनसारखे उशिरा येणारे अमेरिकी वाण लावणीपासून ८० ते १०० दिवस घेतात. ते ऑक्टोबरअखेर पेरले तर फळं नेमकी मार्चच्या उन्हात सापडतात. महागड्या पाकिटाची चार पाणचट फळं बहुतेक अशीच आलेली असतात. दिवसा ३५ अंशांच्या आसपास, त्यात रात्रीही उकाडा, की परागकण निकामी होतात आणि फुलं गळतात; त्याला कोणतंही टॉनिक चालत नाही.

तोडणी आणि फ्रीज

फळाच्या बुडाला गुलाबी झाक आली की झाडाचं काम जवळपास संपलेलं असतं. तिथून पुढे फळ घरात, उन्हाबाहेर, २०-२५ अंशांत पिकवलं तर चवीत फारसा तोटा नाही, आणि पक्षी-माकडांपासून ते वाचतं. पूर्ण हिरवं तोडून पिकवलेलं मात्र फसतं.

१२ अंशांखाली सुगंध तयार करणारी यंत्रणा मंदावते. पिकलेली फळं आठवडाभर ५ अंशांत ठेवली तर ती बाहेर काढल्यावरही सुगंध पूर्ण परतत नाही, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात जनुकांच्या पातळीवर दाखवलं गेलं. टोमॅटो टोपलीत ठेवा, देठाची बाजू खाली. अतिपक्व झालेलं एखाददुसरं फळ एक दिवस फ्रीजमध्ये ठेवावंच लागलं तर खाण्याआधी काही तास बाहेर काढा.

खत: नत्र (नायट्रोजन) कमी, पालाश (पोटॅशियम) जास्त

हिरवंगार, मांडीएवढं उंच झालेलं, फुलं मोजकी असलेलं झाड कौतुकाचं नसतं. तिथे नत्र जास्त झालंय. कुंडी भरताना चाळीस टक्के माती, तीस टक्के कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, वीस टक्के कोकोपीट, दहा टक्के जाड वाळू आणि मूठभर नीमपेंड पुरते. फुलं लागल्यावर युरिया आणि ताजं शेण बंद. फळधारणेनंतर ०:०:५० (पोटॅशियम सल्फेट) हे विद्राव्य खत लिटरला २ ग्रॅम, कुंडीला अर्धा ते एक लिटर द्रावण, दर दहा दिवसांनी, तीन-चार वेळा. पालाशामुळे आम्ल आणि साखर दोन्ही सुधारतात. कॅल्शियम नायट्रेट द्यायचं असेल तर लिटरला एक ग्रॅम, पण वेगळ्या दिवशी. ०:०:५० मध्ये मिसळलं तर जिप्समचा साका तळाशी बसतो. चुलीची राख हा पालाशाचा जुना स्रोत कोकणच्या आम्लधर्मी तांबड्या मातीत महिन्याला एक चमचा चालतो, देशावरच्या चुनखडीच्या काळ्या मातीत टाळावा. एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) जुन्या पानांच्या शिरांमधला भाग पिवळा पडला तरच द्या. उगाच दिलं तर मॅग्नेशियम कॅल्शियमच्या आड येतं.

आता वाण

एवढं सगळं जागच्या जागी असूनही चव येत नसेल, तर वाणाकडे बोट दाखवायला हरकत नाही.

बाजारचा टोमॅटो नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारातून क्रेटमध्ये एकावर एक रचून शेकडो किलोमीटर जातो. त्यासाठी जाड साल, कडक गर आणि टिकाऊपणा पाहून वाण निवडले गेले. जास्त टिकणाऱ्या अनेक हायब्रीडमध्ये ‘रिन’ नावाचा जनुकीय बदल दोन पालकांपैकी एकाकडून आणलेला असतो. तो पिकणं लांबवतो आणि सुगंधही घटवतो. दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसते. काही वाणांचं कच्चं फळ देठाकडे गडद हिरवी टोपी घातल्यासारखं असतं, तर काहींचं सगळीकडे सारखं फिकं हिरवं. सारखा रंग चढतो म्हणून दुसरा प्रकार पैदासकारांनी पसंत केला. त्यात फळातली हरितलवकं, म्हणजे साखर बनवणारे हिरवे कण, वाढवणारं जीएलके-२ हे जनुक निकामी असतं आणि त्यामुळे साखर घटते, हे २०१२ मध्ये समोर आलं. हिरवी टोपी म्हणजे चवीची हमी नव्हे, पण दोन अनोळखी रोपांतून एक निवडायचं तर टोपीवालं निवडा.

आकाराचाही नियम आहे: फळ जितकं मोठं, तितकी साखर सहसा कमी. सुमारे चारशे वाण तपासणाऱ्या २०१७ च्या अभ्यासातही हाच कल दिसला. म्हणून चेरीची तुलना चेरीशीच करा.

दिल्लीच्या पुसा संस्थेचा पुसा रुबी हा जुना सरळ वाण (हायब्रीड नसलेला, ज्याच्या बियांतून तसंच झाड येतं) चपटा, किंचित कंगोरेदार आणि ठसठशीत आंबट आहे. सारासाठी आणि पिठलं-भाजीत आंबटपणा हवा तिथे तो उत्तम. बंगळुरूच्या फलोत्पादन संस्थेचा अर्का रक्षक हा हायब्रीड पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना तोंड देतो, फळ ९०-१०० ग्रॅमचं आणि कडक. ज्यांची झाडं दरवर्षी रोगाने जातात त्यांनी तो लावावा, कारण निरोगी पानांचा साधा वाण रोगट पानांच्या नामांकित वाणापेक्षा चांगला लागतो. रोमा कच्चा खाऊन नाकारू नका. गर जाड, चीक कमी, तो आटवून चटणी आणि सॉससाठी आहे. सनगोल्ड हा जपानी हायब्रीड चेरी गोडीला आणि सुगंधाला वरचढ आहे. यलो पेअर फोटोत सुंदर दिसतो, चवीला बहुतेकदा निराशा करतो. ब्लॅक क्रिम आणि चेरोकी पर्पल यांना खोल, किंचित खारट म्हणावी अशी चव आहे, पण फळं मोजकी येतात. शिवाय पिकल्यावरही त्यांचे खांदे हिरवट राहतात, म्हणून लोक वाट बघत बसतात आणि फळ अतिपक्व होतं. बोटाने किंचित दबलं की तोडा.

तुलना अशी करा की पुढच्या वर्षी उपयोग होईल

एका हंगामात तीनच वाण घ्या, प्रत्येकाची किमान दोन झाडं, एकाच आकाराच्या कुंड्या, तीच माती. त्यातला एक वाण दरवर्षी तोच ठेवा, समजा पुसा रुबी. या वर्षी तोही फिका लागला तर दोष हवेचा किंवा पाण्याचा. तो चांगला आणि नवा वाण फिका, तर दोष वाणाचा. हा एक बांधलेला वाण नसेल तर दोन वर्षांच्या नोंदी एकमेकांशी जुळतच नाहीत.

पहिल्या घोसाची फळं सोडून द्या, दुसऱ्या ते चौथ्या घोसातली घ्या. सगळी एकाच दिवशी तोडलेली, सारखी पिकलेली, खोलीच्या तापमानाची. आधीचे तीन-चार दिवस ढगाळ गेले असतील तर चाचणी पुढे ढकला. घरातल्या एकाने कापून ताटल्यांना आकडे द्यावेत, बाकीच्यांनी नाव न कळता चाखावं. आधी मीठ न लावता, दुसऱ्या फेरीत चिमूटभर मीठ लावून. मधे कोरडी पोळी आणि पाणी. गोडी, आंबटपणा, वास, साल, पोत यांना पाचपैकी वेगवेगळे गुण द्या. एकच ‘छान’ लिहिलेल्या नोंदीचा वर्षभराने काही उपयोग होत नाही.

आकडा हवा असेल तर ० ते ३२ ब्रिक्सचा (रसात विरघळलेल्या घटकांच्या टक्केवारीचं माप) हातातला रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे ते मोजणारं छोटं उपकरण, पुरेसा आहे. डिस्टिल्ड पाण्याने शून्य करा, गर आणि चीक दोन्हींचा रस फडक्यातून गाळून दोन थेंब ठेवा, तीन फळांची सरासरी घ्या. मोठ्या फळात ४ च्या खाली म्हणजे पाणचट, ५ च्या आसपास समाधानकारक. चेरीत ६ च्या वर अपेक्षा ठेवा, ८ आलं तर उत्तम. मात्र ब्रिक्स म्हणजे नुसती साखर नव्हे आणि सुगंध तर त्यात मुळीच नाही. दोन वाणांचा आकडा सारखा आला तर जिभेचं आणि नाकाचं ऐका.

आवडलेल्या वाणाचं बी ठेवायचं तर तो सरळ वाण आहे याची खात्री करा. हायब्रीडच्या बियांतून निघणारं प्रत्येक झाड वेगळं असतं, म्हणून बाजारच्या फळातल्या बियांवरून कोणत्याच वाणाबद्दल मत बनवता येत नाही. पूर्ण पिकलेल्या फळाचा चीक बियांसकट वाटीत काढा, थोडं पाणी घालून दोन-तीन दिवस आंबू द्या, वर साय धरली की चाळणीत धुऊन बी ताटलीवर सावलीत वाळवा. कागदावर वाळवू नका, चिकटतं. पाकिटावर वाणाचं नाव आणि वर्ष लिहा, आणि गुणांची नोंद त्याच पाकिटात घडी करून ठेवा.